संशोधकाची फाइल, एच-इंडेक्स आणि सायटेशन : एंडोक्रायनॉलॉजीतला आकडा वाचायचा कसा?

सुरंगी (धागाकर्ती)

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमची एक छोटी विश्वस्त संस्था आहे, वैद्यकीय संशोधनासाठी पाठ्यवृत्ती देते. यंदाचा विषय एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे संप्रेरकं आणि ती स्रवणाऱ्या ग्रंथी. निवड समितीत डॉक्टर नसलेली मी एकटीच; माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. शेवटच्या फेरीत दोघे उरलेत. पहिल्यांचं काम मधुमेहावर, दुसऱ्यांचं ॲड्रिनल ग्रंथींच्या गाठींवर. पहिल्यांचा एच-इंडेक्स दुसऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आणि सायटेशन्सचा आकडा तर कुठल्या कुठे. "आकडेच बोलतायत, चर्चा कशाला?" असं म्हणून एका सदस्यांनी फाइल मिटूनही टाकली.

आता आकडा समोर आला की तो कशाचा, कुणी काढला, त्यात काय काय धरलंय हे विचारायची माझी जुनी खोड. नेटवर जे सापडलं ते एकतर फारच बाळबोध होतं किंवा डोक्यावरून गेलं. जाणकारांनी कृपया इस्कटून सांगावं. उमेदवारांची नावं अर्थातच देणार नाही, आणि कुणी अंदाजही बांधू नयेत ही विनंती.

पानकळा

संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे हे आकडे काढून देणं हा रोजचाच उद्योग. आधी पाया सांगतो, विषयातलं विषयातल्या लोकांनी सांगावं.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याचे २० पेपर असे आहेत की प्रत्येक निदान २० वेळा उद्धृत झालाय (इतरांनी आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन), पण २१ पेपर प्रत्येकी २१ वेळा झालेले नाहीत, तर त्याचा एच-इंडेक्स २०. बस, एवढंच. आता समजा एकाने आयुष्यात पाचच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन्स मिळाली. त्याचा एच-इंडेक्स ५, तो सहा कधीच होणार नाही. दुसऱ्याने ४० पेपर लिहिले, प्रत्येकाला ४० सायटेशन्स. एच-इंडेक्स ४०. पहिल्याची एकूण सायटेशन्स ५०००, दुसऱ्याची १६००. कोण मोठा? आकडा सांगतो दुसरा, तोही आठपट.

आणखी दोन गोष्टी. हा आकडा कधी उतरत नाही. संशोधकाने दहा वर्षं काही केलं नाही तरी जुने पेपर उद्धृत होत राहतात आणि इंडेक्स चढत राहतो. म्हणून वयाने मोठ्या आणि लहान उमेदवाराचा एच-इंडेक्स शेजारी ठेवणं मुळातच गैर. दुसरं, सायटेशन्स मोजणारे डेटाबेस वेगवेगळे आहेत; एकाच माणसाचा एच-इंडेक्स स्कोपसमध्ये एक, वेब ऑफ सायन्समध्ये दुसरा आणि गूगल स्कॉलरमध्ये तिसरा असतो. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदांचे गोषवारे असं बरंच काही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा बहुतेक वेळा सर्वांत मोठा. फाइलमध्ये कुठला आकडा आहे आणि कुठल्या तारखेचा, ते लिहिलंय का?

सुरंगी

@पानकळा, पहिल्यांच्या फाइलमध्ये "गूगल स्कॉलरनुसार". दुसऱ्यांच्या फाइलमध्ये "स्कोपस". तारीख दोन्हीकडे नाही.

खवट

झालं की मग. दोन वेगळ्या वजनकाट्यांवरची वजनं घेऊन समिती बसलीय.

कंठग्रंथी

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट आहे, रोजचं काम थायरॉइडचं. सुरंगीताई, दोन्ही आकडे उद्या एकाच ठिकाणाहून काढलेत तरी तुमचा मूळ प्रश्न सुटणार नाही. कारण आमच्या विषयाला नाव एक असलं तरी आत वेगवेगळ्या वस्त्या आहेत. मधुमेहावर लिहिणारे जगभर असंख्य: डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ, मूत्रपिंडवाले, डोळ्यांवाले. मधुमेहावरचा एक बरा पेपर या सगळ्यांच्या संदर्भयादीत जाऊन बसतो. ॲड्रिनल ग्रंथीच्या बाह्यपटलाचा कर्करोग दरवर्षी दहा लाख लोकांत एखाद-दोघांना होतो. त्यावर लिहिणारेच मूठभर, तर उद्धृत करणार कोण? म्हणून तिप्पट एच-इंडेक्सचा पहिला अर्थ "तिप्पट मोठ्या गर्दीत उभे आहेत" इतकाच.

आता आमच्याकडे प्रचंड सायटेशन्स मिळवणारे पेपर कुठले असतात ते बघा. १९८५ साली ‘डायबेटोलॉजिया’त ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज, टर्नर आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन या दोनच आकड्यांवरून इन्सुलिन-प्रतिरोधाचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यात होतं. हेच ते होमा-आयआर. इन्सुलिन गुणिले साखर, भागिले २२.५. साखर मिलिग्रॅममध्ये मोजली तर भागिले ४०५. कुणाची साखर ९० आणि इन्सुलिन ९ असेल तर ८१० भागिले ४०५, उत्तर २. ते २२.५ आलं कुठून, तर ‘आदर्श’ माणसाचं इन्सुलिन ५ आणि साखर ४.५ मिलिमोल धरून त्यांचा गुणाकार, म्हणजे त्या माणसाचं उत्तर बरोबर १ यावं. हा पेपर हजारो-हजारो वेळा उद्धृत झालाय. त्यात पायाभूत विचार होताच. पण आज तो उद्धृत करणाऱ्या बहुतेकांना फक्त गुणाकार-भागाकार करायचा असतो आणि संदर्भ द्यावा लागतो म्हणून ते देतात. मूळ पेपर उघडून पाहिलेले किती असतील, देव जाणे.

दुसरी जात गाइडलाइन्सची. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची थायरॉइडच्या गाठी आणि कर्करोगावरची २०१५ची गाइडलाइन घ्या. थायरॉइडच्या गाठीवर काहीही लिहायचं झालं की ती आलीच. ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांच्या खात्यात हजारो सायटेशन्स. चांगली गाइडलाइन लिहिणं हे खरोखर कष्टाचं काम आहे, ते मी कमी लेखत नाही. पण ते इतरांचं संशोधन तोलण्याचं काम आहे, नवं काही शोधण्याचं नव्हे. तुमची पाठ्यवृत्ती कशासाठी आहे, त्यावर ठरवा.

उत्तररात्र

कंठग्रंथी, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

गाइडलाइनवरून आठवलं. पीसीओएसच्या (बीजकोशांशी संबंधित संप्रेरक-विकाराच्या) निदानाचे रॉटरडॅम निकष: २००३ साली बैठक झाली आणि जानेवारी २००४ मध्ये तेच निवेदन एकाच वेळी दोन जर्नल्समध्ये छापलं गेलं, ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ आणि ‘फर्टिलिटी अँड स्टरिलिटी’. लेखकाच्या जागी व्यक्तीचं नाव नाही, गटाचं नाव. म्हणजे मजकूर एक, सायटेशन्स दोन खात्यांत वाटलेली, आणि त्या खोलीत बसून निकष ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या प्रोफाइलवर ती दिसतील हे डेटाबेस आणि तो माणूस स्वतः किती दक्ष आहे यावर. २०२३ची पीसीओएस गाइडलाइनसुद्धा अशीच एकाच वेळी अनेक जर्नल्समध्ये आली, पण तिला व्यक्तींची नावं आहेत.

सुरंगी

थांबा थांबा. एकच मजकूर दोन ठिकाणी छापला तर दोन पेपर धरले जातात?

पानकळा

डेटाबेसच्या लेखी हो, दोन नोंदी. गूगल स्कॉलर कधी कधी त्या एकत्र करतं, कधी करत नाही. मालकाला हातानेही जोडता-तोडता येतात. म्हणून मी कुणाचंही प्रोफाइल बघताना सगळ्यांत आधी पहिल्या दहा नोंदींत एकच शीर्षक दोनदा दिसतंय का ते बघतो. त्याच बैठकीत दुसरंही बघून घ्यावं: नामसाधर्म्य. आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलेल्या भलत्याच माणसाचे पेपर खात्यात आलेले असतात. मधुमेहावर काम करणाऱ्याच्या यादीत मध्येच काँक्रीटच्या भेगांवरचा पेपर दिसला की समजावं. ऑर्किड हा १६ आकडी क्रमांक २०१२ पासून याचसाठी दिला जातो. फाइलमध्ये तो असेल तर त्यावरून शोधा, नावावरून नको.

वाटसरू७

संख्याशास्त्रवाला आहे, माझे दोन पैसे.

सगळ्यांत मोठी गडबड लेखकसंख्येत आहे. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांत, जिथे मधुमेह आणि लठ्ठपणाचे देशोदेशीचे आकडे जोडले जातात, एका पेपरवर शेकडो नावं असतात, काहींवर हजाराच्याही वर. असा पेपर पाच हजार वेळा उद्धृत झाला की त्यातल्या प्रत्येकाच्या नावावर पाच हजार जमा. ज्याने मांडणी केली त्याच्याही, आणि ज्याने आपल्या भागातली माहिती पाठवली त्याच्याही.

सुरंगी

म्हणजे एकच पावती हजार जणांच्या खात्यात, तीही पूर्ण रकमेने! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी सही केली नसती.

वाटसरू७

अगदी. यावर उपाय निघालेत. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची जी मोठी यादी काढली (पुढे "जगातले अव्वल २ टक्के" म्हणून बातम्यांत गाजली तीच), तिच्यात एकच आकडा न घेता सहा निर्देशक मिसळलेत. एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या हिशेबात धरून सुधारलेला एच-इंडेक्स, आणि मग एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिल्या नावाने लिहिलेल्या, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपर्सची सायटेशन्स. वैद्यकात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं आणि शेवटचं ज्याच्या प्रयोगशाळेत वा देखरेखीखाली काम झालं त्याचं असतं. मधली नावं कुणाचीही. त्या यादीत स्वतःची स्वतःला दिलेली सायटेशन्स धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे देतात, करिअरभराचे वेगळे आणि एका वर्षाचे वेगळे. "अव्वल २ टक्क्यांत" असं कुणी फाइलमध्ये लिहिलं असेल तर कुठल्या रकान्यात, हे विचाराच.

स्वतःलाच उद्धृत करण्याबद्दल: थोडंफार स्वाभाविक आहे, आपलंच काम पुढे नेताना मागचा पेपर सांगावाच लागतो. त्याच माहितीवरून २०१९ मध्ये ‘नेचर’ने जो हिशेब छापला त्यात स्वतःकडून आणि सहलेखकांकडून आलेल्या सायटेशन्सचा मध्यक १२.७ टक्के होता, आणि किमान २५० शास्त्रज्ञ असे निघाले की त्यांची निम्म्याहून जास्त सायटेशन्स घरचीच.

जाता जाता, हिर्शनेच २०२० मध्ये लिहिलं की या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात असं आता त्याला वाटतं.

खवट

वरातीमागून घोडं.

उत्तररात्र

मी पीएचडी करतेय, संप्रेरकांच्या रिसेप्टरवर. मला उलट्या टोकाचं सांगायचंय. आमच्या विषयातल्या सर्वांत मोठ्या कामाला आज सायटेशन्स मिळतच नाहीत.

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन. १९५०च्या दशकात त्यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन रुग्णांना टोचलं. ज्यांनी आधी इन्सुलिन घेतलेलं होतं त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळलं. त्यांनी निष्कर्ष काढला की शरीर इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतंय. इन्सुलिनएवढ्या छोट्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतच नाहीत, असा तेव्हाचा समज. ‘सायन्स’ने पेपर परत पाठवला. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’नेही आधी नाकारला, मग शीर्षकातून "प्रतिपिंड" काढून "इन्सुलिन बांधणारं ग्लोब्युलिन" असं गुळमुळीत घातल्यावर १९५६ मध्ये छापला. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७च्या नोबेल व्याख्यानात दाखवलं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते, त्यामुळे नोबेल त्यांना नाही.

त्याच कामातून रेडिओइम्युनोअसे जन्मली, म्हणजे किरणोत्सारी खूण आणि प्रतिपिंडं वापरून रक्तातलं संप्रेरक मोजायची पद्धत. रक्तात संप्रेरकं इतकी अत्यल्प असतात की आधी ती नीट मोजायची सोयच नव्हती. यानंतर एक मिलिलिटर रक्तातलं इन्सुलिन मोजता येऊ लागलं. पेटंटही घेतलं नाही त्यांनी. आज कुठल्याही प्रयोगशाळेतला टीएसएच, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट त्याच कल्पनेच्या वंशातला. पण टीएसएच मोजल्यावर या पद्धतीचा १९६०चा मूळ पेपर संदर्भयादीत कोण टाकतो? कुणीच नाही. शोध इतका अंगवळणी पडला की त्याचा संदर्भ द्यायची गरजच उरली नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नाव देऊन ठेवलंय, सायटेशन मोजणाऱ्यांना ते चांगलंच माहीत आहे.

यॅलो-बर्सन जिथे काम करत त्याच, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या रुग्णालयातल्या जॉन एंग यांनी १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषातून एक्सेंडिन-४ वेगळं केलं. तेव्हा ते कुतूहलाचं काम वाटावं असं होतं. २००५ मध्ये त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड औषध म्हणून मंजूर झालं आणि मधुमेहावरच्या जीएलपी-१ गटातल्या औषधांचं दार उघडलं. मधल्या तेरा वर्षांत एखाद्या समितीने एंग यांच्या कामाचं मोल "गेल्या पाच वर्षांतली सायटेशन्स" या रकान्यावरून केलं असतं तर?

कंठग्रंथी

+१. जीएलपी-१चं नाव निघालंच आहे तर स्वेतलाना मॉइसोव्ह यांचंही सांगायला हवं. या संप्रेरकाचा कार्यरत तुकडा नेमका कुठला, हे ओळखण्यात आणि तो कृत्रिमरीत्या बनवण्यात त्यांचा मोठा वाटा. सुरुवातीच्या पेटंटवर मात्र त्यांचं नाव नव्हतं, ते भांडून घालून घ्यावं लागलं. अनेक वर्षं पारितोषिकं इतरांना मिळत गेली. २०२४ मध्ये जोएल हॅबेनर आणि लोटे बिएरे नूडसेन यांच्याबरोबर त्यांना लास्कर पारितोषिक मिळालं. पेपरवर मॉइसोव्ह यांचं नाव पहिल्यापासून होतं हं! सायटेशन्स मोजली जात होती, श्रेय दुसरीकडे जात होतं. आकडा असूनही उपयोग झाला नाही, असंही होतं.

वाटसरू७

छोट्या पेपरचं एक उदाहरण माझ्याकडूनही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि युडकिन या दोघांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण एकाचं २१.२ टक्के, दुसऱ्याचं ९.१. एवढाच पेपर, एक पान. चरबी जास्त असलेले याज्ञिक. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार, हे सांगायला याहून चांगली आकृती मी पाहिली नाही. हा पेपर मोजताना एक नोंद, आणि चारशे लेखकांचा पेपर मोजतानाही एक नोंद.

खवट

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून विचारतो. सायटेशन म्हणजे कौतुकच असतं का? "अमुकने लिहिलेलं चूक आहे" असं म्हटलं तरी सायटेशन मोजलं जातंच ना?

कंठग्रंथी

मोजलं जातं, आणि ढोबळपणे सांगायचं तर चोरी सापडली तरी मोजलं जातं. हाडं ठिसूळ होण्याच्या क्षेत्रातलं, म्हणजे आमच्या अंगणातलंच प्रकरण सांगतो. योशिहिरो सातो या जपानी डॉक्टरांनी पक्षाघात, पार्किन्सन, अल्झायमर अशा रुग्णांत खुब्याचं हाड मोडणं औषधांनी किती कमी होतं याच्या चाचण्या धडाधड प्रसिद्ध केल्या. निकाल थक्क करणारे. एका माणसाला इतके रुग्ण इतक्या कमी वेळात मिळाले कसे, हा प्रश्न मार्क बोलंड, ॲलिसन एव्हनेल आणि सहकाऱ्यांना पडला. त्यांनी सातोंच्या ३३ चाचण्यांचे आकडे संख्याशास्त्राच्या चाळणीतून काढले. योगायोगाने दोन गट जेवढे सारखे निघू शकतात त्याहून ते फारच सारखे होते. हे विश्लेषण २०१६ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आलं. पुढे एकामागून एक पेपर मागे घेतले गेले, संख्या शंभराच्या पुढे गेली. सातो २०१७ मध्ये वारले.

मुद्दा हा की तोवर ते पेपर इतरांच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करणाऱ्या अभ्यासांत) जाऊन बसले होते, तिथून गाइडलाइन्समध्ये. मागे घेतलेल्या पेपरची सायटेशन्स लेखकाच्या एकूण आकड्यातून आपोआप वजा होत नाहीत. सुरंगीताई, दोन्ही उमेदवारांच्या नावावर मागे घेतलेला पेपर किंवा मोठी शुद्धी आहे का, ते ग्रंथपालाकडून बघून घ्या. शुद्धी असणं वाईट नाही. ती कुणी आणि किती लवकर दिली ते बघा.

नवखा_वाचक

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल कुणीच बोललं नाही. चांगल्या जर्नलमध्ये छापलं म्हणजे चांगलं, हे तरी खरं ना?

पानकळा

थोडक्यात: इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, पेपरचा नाही आणि माणसाचा तर नाहीच. यूजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ मध्ये सुरू केला तो संदर्भ शोधायला. जर्नल निवडायला इम्पॅक्ट फॅक्टर उपयोगी पडायचा. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. त्यातही एखाद-दोन गाइडलाइन्स सरासरी वर खेचतात, बाकीचे पेपर तिच्या सावलीत. तुमच्याच विषयात ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’चा हा आकडा चाळिशीच्या वर आणि ‘जेसीईएम’चा (जर्नल ऑफ क्लिनिकल एंडोक्रायनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम) पाचाच्या आसपास. म्हणून काय जेसीईएममधलं काम आठपट हलकं? एंडोक्रायनॉलॉजीतलं कितीतरी उत्तम काम तिथेच छापलेलं आहे. माणसाच्या मूल्यमापनात जर्नलचा आकडा वापरू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ सालच्या डिसेंबरात तयार झाला. संस्था त्यावर सह्या करतात आणि अर्जात इम्पॅक्ट फॅक्टरचा रकानाही ठेवतात.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून दोघांचे सर्वांत जास्त उद्धृत झालेले दहा-दहा पेपर काढले, दोन्हीकडे स्कोपसवरूनच, आणि प्रत्येकापुढे लिहिलं: स्वतःचा अभ्यास, आढावा, गाइडलाइन की महासंघाचा (अनेक केंद्रांनी मिळून केलेला) पेपर; आणि नाव कितवं. पहिल्यांच्या दहापैकी बहुतेक गाइडलाइन आणि महासंघ, नाव मध्ये कुठेतरी. पण अकराव्यापासून खाली त्यांच्या स्वतःच्या तीन चाचण्या आहेत, पहिलं नाव त्यांचं, आणि त्या मला वाचायला जास्त आवडल्या. दुसऱ्यांच्या यादीत पहिलं किंवा शेवटचं नाव जागोजाग. फक्त वरचे दोन बहुदेशीय रुग्ण-नोंदवहीचे. समितीला मी सांगितलं की लघुयादी रद्द नको, पण तक्त्यातून एच-इंडेक्सचा रकाना काढा.

कंठग्रंथी

उत्तम. पण आता लंबक दुसऱ्या टोकाला जाऊ देऊ नका. महासंघाचा पेपर म्हणजे फुकटचं श्रेय, असं सरसकट नाही. ॲड्रिनल कर्करोगावरची फर्म-ॲक्ट चाचणी २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. ३०४ रुग्ण, आणि तेवढे जमवायला १२ देश लागले. एका केंद्राच्या बळावर हे होणारच नव्हतं. दुर्मीळ आजारात नोंदवही चालवणं, लोकांना जोडून ठेवणं, नमुने एका पद्धतीने गोठवायला लावणं, हेच संशोधन. उलट मधुमेहातल्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीत १४४१ रुग्ण होते आणि १९९३चा तिचा मुख्य पेपर गटाच्या नावाने छापला गेला, त्यात राबलेल्या कित्येकांच्या खात्यात तो धडपणे दिसतही नाही. म्हणून नाव कितवं हे बघाच, पण त्या कामात त्यांनी नेमकं काय केलं हे त्यांनाच विचारा. हल्ली बऱ्याच जर्नल्समध्ये पेपरच्या शेवटी कुणी काय केलं याचा परिच्छेद असतो. तो दोन ओळींचा असतो आणि कुणी वाचत नाही.

वाटसरू७

आणि तुलना करायचीच असेल तर क्षेत्रानुसार सारखा केलेला आकडा घ्या. स्कोपसमध्ये तो मिळतो: त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरला जगात सरासरी जितकी सायटेशन्स, त्याच्या तुलनेत याला किती. १ म्हणजे सरासरीइतका. फक्त "एंडोक्रायनॉलॉजी आणि मधुमेह" अशी एकच मोठी पेटी असल्यामुळे ॲड्रिनलवाल्यांवर थोडा अन्याय त्यातही उरतोच.

खवट

आणि ते फाइल मिटणारे सदस्य काय म्हणाले?

सुरंगी

"वीस पेपर वाचणार कोण?" म्हटलं, मी वाचते. मग गप्प बसले. दोघांनाही पत्र गेलंय: तुमचे पाच पेपर निवडा, प्रत्येकात तुमचं स्वतःचं काम काय ते चार ओळींत लिहा, सायटेशनचा आकडा लिहू नका.

वाचताना अडतेय मात्र. दुसऱ्यांच्या एका पेपरात तक्ता २ मध्ये रुग्णांचे तीन गट केलेत: १.८ आणि त्याखाली, १.९ ते ५, आणि ५च्या वर. एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. हे नक्की काय मोजलंय? आणि मधल्या गटाला "संभाव्य" का म्हटलंय?

कंठग्रंथी

रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी द्यायची आणि सकाळी ८-९ च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनलचं संप्रेरक, मोजायचं. निरोगी ग्रंथी त्या गोळीने दबते, कॉर्टिसॉल १.८ किंवा त्याखाली येतं. नाही दबलं तर गाठ स्वतःच्या मनाने कॉर्टिसॉल सोडतेय अशी शंका. २०१६च्या युरोपीय गाइडलाइनमध्ये १.९ ते ५ या मधल्या पट्ट्याला "संभाव्य" म्हणायचे. २०२३च्या आवृत्तीत तो पट्टा काढून टाकला. आता कुशिंगची (कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणाऱ्या आजाराची) उघड लक्षणं नसतील तर १.८च्या वरचे सगळे एकाच नावाखाली येतात. तेव्हा पेपर कुठल्या वर्षाचा आहे ते आधी बघा. २०२३च्या आधीचा असेल तर तीन गट बरोबरच आहेत. नंतरचा असेल तर मधला गट वेगळा का ठेवला याचं कारण ‘पद्धती’ विभागात दिलेलं असायला हवं. सापडलं नाही तर तक्ता २ मधला मजकूर इथे टाका, बघतो.